सव्विसावी फेरी

आमचे घरमालक कधी कुणाच्या शेजारून चालत नसत. मी त्यांच्याकडे राहायला आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं दूध आणायला निघालो. मी हळू झालो की तेही हळू, मी भरभर निघालो की तेही भरभर, पण राहायचे कायम माझ्या उजव्या खांद्याच्या अर्धं पाऊल मागे. मागे बघून बघून दुधाचा बूथ येईपर्यंत माझी मान अवघडली. शेवटी मी थांबलो आणि म्हटलं, "काका, पुढे या ना."

"नको. पुढच्याला वारा लागतो," ते म्हणाले. "तू तरुण आहेस. तू खा वारा."

त्या दिवशी वाऱ्याचा मागमूसही नव्हता. मी पुण्याहून नुकताच आलेलो, त्यामुळे वाटलं की दिल्लीत सगळेच असे असतील. तसं नव्हतं. असे ते एकटेच होते.

ते धावपटू होते हे खोली बघायला आलो तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं राजम्यामुळे. एका संध्याकाळी मला राजमा भिजत घालायला सांगून ते बाहेर गेले आणि मला स्वयंपाकघरात एकही डबा सापडेना. फळीवर ओळीनं चषक मांडलेले, बक्षिसात देतात ते, दोन कानांचे. सगळ्यात मोठ्यात तांदूळ, त्याच्या शेजारी तूरडाळ, मग हरभरे, मसूर. झाकण असलेला एकच होता, त्यात मुंग्यांच्या भीतीनं साखर ठेवलेली. राजमा ज्यात होता त्यावर कोरलं होतं, 'पाच हजार मीटर, प्रथम'.

ते परत आल्यावर मी विचारलं, "काका, हे सगळे तुमचे?"

"मग डबे विकत कशाला घ्यायचे?" असं म्हणून त्यांनी राजमा किती घातला ते पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं.

पुढे एखादी डाळ संपत आली की चषकाचा तळ दिसे, त्यावर कोरलेलं वर्ष दिसे, आणि मग त्यांच्या मनात असलं तर ते त्या शर्यतीबद्दल दोन वाक्यं बोलत. त्यांची सगळी कारकीर्द मला अशी किराण्याच्या क्रमानं कळली. मूळचे साताऱ्याकडचे. शाळेत आठशे मीटर, कॉलेजात पंधराशे, नोकरीत पाच हजार आणि शेवटी दहा हजार. अंतर वाढत का गेलं विचारलं तर म्हणाले, "वय झालं की वेग जातो, दम राहतो. मग आपण लांबचं पळायचं." खेळाडू म्हणून दिल्लीत एका मंत्रालयात कारकुनी मिळाली आणि सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर. बरोबरीचे लोक बढत्या घेत होते, तेव्हा हे शिबिरांत आणि मैदानांवर होते. लग्नाचं वय सरावात गेलं. नंतर सराव संपला, पण लग्नाचं कुणाला आठवलं नाही, बहुतेक त्यांनाही नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं आणि ते द्वारकेला आले. द्वारका तेव्हा नावाला होती. सेक्टरांना आकडे मिळाले होते, माणसं मिळायची होती. आमच्या चार मजली इमारतीत संध्याकाळी पाच-सहा खिडक्यांत दिवे लागत. पाण्याचा टँकर आला की तेवढी ओळखीची माणसं दिसत. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात की बोलणं मध्येच थांबवावं लागे. काकांना त्याचा त्रास नव्हता, कारण ते मुळात बोलतच नसत. घरात फोन होता. त्याचा उपयोग एकच, वेळ सांगणाऱ्या नंबरला फोन करून आपलं स्टॉपवॉच आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवणं. पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईंचा आवाज वेळ सांगे आणि काका फोन ठेवताना "थँक्यू जी" म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. नंतर मात्र तो फोन चालू असला की मी आतल्या खोलीत निघून जाई, कारण मला ते ऐकवत नसे.

ते अजून पळत. साठीचा माणूस अर्ध्या चड्डीत रोज पहाटे मोकळ्या रस्त्यांवर पळतो म्हटल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटींनी एकदा जिन्यात अडवलंच. "अंकलजी, आख़िर भाग किससे रहे हो?"

"किसीसे नहीं जी," काका म्हणाले. "पहले पीछे लोग होते थे। अब आदत है।"

आंटी खूप हसल्या. त्यांच्याकडून त्या दिवशी गाजराचा हलवा आला आणि काकांनी तो सगळा मला खायला लावला.

आता राहिलेल्या एका शर्यतीबद्दल. ती मला कुठल्याच डाळीखाली सापडली नाही, कारण तिचा चषकच नव्हता. थंडीत एका रविवारी मी सहज विचारलं की एवढं सगळं जिंकलात तर परदेशात कसे गेला नाहीत. ते मटार सोलत होते. सोलता सोलताच त्यांनी सांगितलं, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती, इथेच दिल्लीत. दहा हजार मीटर, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. तीस मिनिटांच्या आत आला तो जाणार. काका पहिल्यापासून पुढे होते. अशा शर्यतीत प्रत्येक पळणाऱ्याला एक मोजणारा असतो. तो कागद घेऊन रेषेपाशी बसतो, आपला माणूस समोरून गेला की आकडा खोडतो आणि घड्याळातली वेळ लिहितो. काकांना मोजायला एक नवे पीटी मास्तर होते.

"चहा आला असेल, कुणी हाक मारली असेल. त्यांच्याकडून माझी एक फेरी लिहायची राहिली," काका म्हणाले. "माझ्या मोजणीनं पंचवीस झाल्या, मी जोर लावून रेषेवर आलो, तर मास्तर एक बोट दाखवतायत. और एक. सगळ्यात पुढच्याच्या मोजणीवर शेवटच्या फेरीची घंटा वाजते. माझी चुकली म्हणजे सगळ्यांचीच चुकली."

"मग?"

"मग काय, पळालो. पहिला आलो. पण वेळ तीसच्या वर गेली."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोललो ना. म्हटलं, कच्चा कागद दाखवा. फेरी राहिली असेल तर तिथे एका ओळीला दुप्पट वेळ लागलेली दिसते. ते लपत नाही. दोन दिवसांनी मला कागद दाखवला, पण पक्का. सुंदर अक्षर. त्यात मी शेवटच्या आठ फेऱ्या गळालो होतो. प्रत्येक फेरीला आठ-नऊ सेकंद जास्त. कच्चा कुठंय विचारलं तर मास्तर म्हणाले, 'वो तो फेंक दिया।'" त्यांनी एक शेंग उघडली, आतले दाणे किडके निघाले, ती बाजूला ठेवली. "मी गळालो नव्हतो रे."

मी त्या मास्तरांना तोंडभरून शिव्या घातल्या. काका म्हणाले, "जाऊ दे. घाबरले असतील, नवे होते."

त्याच दिवशी त्यांनी मला मैदान दाखवलं. आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता, शाळेसाठी राखीव अशी पाटी लावलेला. त्यावर काकांनी महिनाभर खपून चारशे मीटरची फेरी आखली होती. लोखंडी टेपनं मोजायची, खुंट्या मारायच्या, दोरी ओढायची, मग चुन्याची फक्की टाकायची. आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजायचं असतं, कारण पळणारा कडेवरून पळत नाही, एवढं त्यांनी मला तीनदा सांगितलं. ते रोज रस्त्यावर पळत, पण या आखलेल्या फेरीवर त्यांनी अजून पाऊल टाकलं नव्हतं.

"दहा हजार पळायचंय एकदा," ते म्हणाले. "चाळीस मिनिटांच्या आत. या वयाला ते चांगलं आहे. पण आपण आपलं मोजलेलं चालत नाही. मोजणारा दुसरा पाहिजे. तू मोजशील का?"

"कुणाला दाखवायचंय काका?"

"कुणाला नाही. कागद असावा."

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी इतकं छोटं आणि इतकं मोठं काम सोपवलं नव्हतं, पण हे तेव्हा मला कळलं नाही. तेव्हा वाटलं, रविवारची झोप जाणार. प्लॉटभोवती लवकरच पत्रे लागणार असं चौकीदार म्हणत होता, म्हणून फेब्रुवारीतला पहिला रविवार ठरला.

मी तेव्हा नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आम्ही सगळे संगणकातल्या तारखा दुरुस्त करण्यात गुंतलेलो होतो, कारण साल दोन हजार लागलं की अमेरिकेतल्या बँका बंद पडतील असं सांगितलेलं. सुट्टीच्या दिवशी ज्याची पाळी असे त्याला कंपनीचा मोबाईल मिळे. त्या आठवड्यात तो माझ्याकडे होता. विटेएवढा होता, पण तो पट्ट्याला लावून मी मुद्दाम दोनदा जिना उतरलो होतो. मोजायला जातानाही तो माझ्या कमरेला होता. घरी ठेवायला पाहिजे होता. हे मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेन.

सकाळी सात वाजता काका रेषेवर उभे राहिले. जुनी, धुवून पारदर्शक झालेली बनियन, त्यावर छातीला चार पिनांनी लावलेला कापडी नंबर. त्या मैदानावर आम्ही दोघंच होतो, तरी नंबर. मी स्टॉपवॉच दाबलं.

माझं काम सोपं होतं. ते समोरून गेले की वेळ लिहायची, आकडा खोडायचा आणि ओरडायचं, वेळ किती आणि बाकी किती. पहिली फेरी एक मिनिट पंचाण्णव झाली असं मी ओरडलो. ते पळता पळताच "एक पस्तीस!" असं दुरुस्त करून गेले. पंचाण्णव हे नुसते सेकंद होते. दुसरी तेवढीच. तिसरी तेवढीच. मला हे खरं वाटेना. पाच-सहा फेऱ्यांनंतर मी घड्याळ न बघता पापण्या मिटून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचो, ते जवळ आले की डोळे उघडायचो, आणि काटा बरोबर जिथे हवा तिथे असायचा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फळीवरचे चषक कशाचे होते. मला फार आनंद झाला, अगदी जोरात ओरडावंसं वाटलं.

तेराव्या फेरीला वीस मिनिटं चाळीस सेकंद. मी ओरडलो, "बाकी बारा!" आणि फोन वाजला.

साहेब होते. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ, कुठलासा प्रोग्रॅम अडकला होता, कुठल्या फाइलला हात लावला होतास ते आत्ताच्या आत्ता सांग. आवाज तुटत होता, म्हणून मी लिंबाच्या झाडाकडे सरकलो. "येस सर, जस्ट अ मिनिट सर" करत उभा राहिलो. परत आलो तर काका वळणावरून येतच होते. मी घाईनं चौदावा आकडा खोडला, वेळ लिहिली आणि ओरडलो, "तेवीस एक्कावन्न! बाकी अकरा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि गेले.

पुढे सगळं सुरळीत झालं. शेवटाकडे एक गंमत झाली असं मला वाटलं. दोन फेऱ्या बाकी असतानाच त्यांनी जोर लावला. साठ वर्षांचा माणूस असा पळताना मी तोवर पाहिला नव्हता, मान ताठ, हात वारा कापत जाणारे. रेषेवर आले तेव्हा मी ओरडलो, "एकोणचाळीस चौतीस! बाकी एक!" आणि बोट वर केलं. मनात म्हटलं, काकांनी घाई केली, आता दम कसा पुरणार. त्यांनी बोटाकडे बघितलं, एक पाऊल अडखळले, आणि पुढे पळाले. शेवटची फेरी त्यांनी पूर्ण केली तेव्हा घड्याळात एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंद झाले होते.

"झालं ना?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"सव्वा मिनिटानं गेलं काका."

ते मैदानाला एक संथ चक्कर मारायला गेले. मी विटांच्या ढिगावर बसून प्रत्येक फेरीला किती वेळ लागला ते काढायला लागलो. एक पस्तीस, एक पस्तीस, एक छत्तीस, एक पस्तीस. तेरा ओळी अशा. चौदाव्या ओळीला तीन मिनिटं अकरा सेकंद.

मला सगळं एका क्षणात समजलं. ते सव्वीस फेऱ्या पळाले होते. पंचवीस फेऱ्या त्यांनी एकोणचाळीस चौतीसमध्ये पूर्ण केल्या होत्या, आणि ते माझ्याच अक्षरात चोविसाव्या ओळीत लिहिलेलं होतं. मी उठून तेवढं सांगायला पाहिजे होतं. ते पन्नास पावलांवर होते. ज्या माणसानं मला मास्तरांची गोष्ट सांगितली त्याच्याशी मी मास्तरांसारखाच वागलो होतो, तोही एका फोनसाठी, हे मला त्यांच्या तोंडावर सांगवेना. कागद खिशात घालून मी म्हटलं, "नीट उतरवून देतो संध्याकाळी."

"दे," ते म्हणाले.

दुपारी मी दार लावून पक्का कागद केला. पहिल्या तेरा फेऱ्या होत्या तशा. पुढच्या बारांमध्ये उरलेली वेळ सारखी वाटली. एक बेचाळीस, एक त्रेचाळीस, एक त्रेचाळीस. माझं अक्षर चांगलं आहे. कच्चा कागद मी बारीक फाडून संडासात टाकला आणि वर पाणी ओतलं.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला. बोट एकेका ओळीवरून उतरत चौदाव्यापाशी आलं आणि थांबलं.

"इथून पुढे मी गळालो म्हणायचं," ते म्हणाले.

मी चहाकडे बघत राहिलो.

"कच्चा कागद?"

"फाडला."

त्यांनी मान हलवली. मग मीच सगळं बोललो, फोन, साहेब, लिंबाचं झाड, भडाभडा. ते म्हणाले, "मला दिसलं होतं. तू लिंबाखाली होतास तेव्हा मी समोरून गेलो. चौदावी."

"मग ओरडायचं होतं काका! निदान पंचवीस झाल्यावर थांबायचं! तुम्हाला माहीत होतं, मग ती जास्तीची कशाला पळालात?"

"थांबलो असतो तर परत माझा शब्दच राहिला असता. तो आहेच की तीस वर्षं." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू एकोणचाळीस चौतीस ओरडलास. मला वाटलं, लिहिलंयस. एक ओळ तीन मिनिटांची निघेल, मग आपोआप सगळं दिसेल, मला काही बोलायला नको. म्हणून पळालो. अरे, सव्विसावी पळताना मी खूष होतो."

"मी परत लिहून देतो. सगळे आकडे आठवतात मला."

"आठवून लिहिलेला कागद हा कागद नसतो, पुणेकर," ते म्हणाले आणि माझा पक्का कागद त्यांनी चार घड्या करून माझ्यासमोर ठेवला. "घे. चहा निवला."

पुढच्या रविवारी पुन्हा पळू, असं मी म्हटलं. मोबाईल खिडकीतून फेकून देईन असंही म्हटलं. ते "बघू" म्हणाले. गुरुवारी प्लॉटभोवती निळे पत्रे लागले आणि महिन्याभरात तिथे पायाचे खड्डे झाले. त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. दूध आणायला जाताना ते तसेच माझ्या खांद्यामागे असत, स्वयंपाक तसाच दोघांचा करत. मीच त्यांच्या नजरेला नजर देईनासा झालो. उन्हाळ्यात ऑफिसजवळ खोली मिळाली हे कारण सांगून मी नोएडाला गेलो. येत जाईन म्हणालो होतो. गेलो नाही. दोन-तीनदा फोन केला, तो एंगेज येई, आणि ते वेळ सांगणाऱ्या बाईंचं ऐकत असतील असं समजून मी ठेवून देई. काही वर्षांनी मेट्रो आली, तेव्हा एकदा गेलो. समोरच्या आंटी म्हणाल्या, "बेटा, अंकलजी तो दो साल पहले चले गए। कोई था ही नहीं उनका। तुम कौन लगते थे?" मी म्हटलं, किराएदार.

मी त्यांचा मोजणारा होतो. आठवून लिहिलेला कागद ते मानत नसत आणि हाही आठवूनच लिहिलेला आहे, पण दुसरा आता कुठे नाही. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी घड्याळ घेऊन रेषेपाशी उभा होतो. पंचविसावी फेरी पूर्ण करून ते माझ्या समोर आले तेव्हा एकोणचाळीस मिनिटं चौतीस सेकंद झाले होते. ते गळाले नव्हते.